मोबाइलचा ताप मोजणाऱ्या मॅडम

कामठी रोडवरच्या एका नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये माझी मुलगी चार वर्षं राहिली. तिथल्या पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात भिंतीला एकोणसाठ खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला तापाचा एकेक तक्ता लटकत असे. दवाखान्यात पेशंटच्या खाटेला असतो तोच चौकटीचा कागद. ताप टिंबांनी मांडायचा आणि टिंबं पेन्सिलीने जोडायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, होस्टेलमध्ये कसली साथ आली की काय. मग कळलं की हा ताप मुलींच्या मोबाइलचा.

हे काम तिथल्या ट्यूटर मॅडमचं. मुलींना वॉर्डातलं काम त्या शिकवायच्या आणि होस्टेलच्या वॉर्डनही त्याच. त्यांचा नियम असा होता की सकाळी सहाला फोन शंभर टक्के चार्ज झालेला पाहिजे, दिवसभर चार्जरला हात लावायचा नाही आणि संध्याकाळी सहाला रांगेत उभं राहून स्क्रीन दाखवायचा. दिवसात जेवढे टक्के खर्च झाले तेवढा त्या फोनचा ताप. मॅडम निळ्या पेन्सिलीने टिंब द्यायच्या, कालच्या टिंबाला जोडायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या. रागावणं, शिक्षा, घरी पत्र, काही नाही. नुसती नोंद.

प्राचार्यांचं म्हणणं होतं की सरळ फोन जप्त करा. त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "जप्त केलेल्या फोनचा ताप कसा घेऊ, सर? पेशंट डोळ्यासमोर पाहिजे."

मुलीही कमी नव्हत्या. एक जण म्हणाली, "मॅडम, माझा फोन म्हातारा झाला आहे, त्याले उगाच ताप चढते."

"म्हाताऱ्याले ताप आला तर तू दुर्लक्ष करशील का वं?"

दुसरीने पॉवर बँक लावून संध्याकाळी सहाला शंभर टक्के दाखवले. मॅडमनी स्क्रीन पाहिला, मग फोनच्या पाठीला हात लावला. फोन गरम होता.

"औषध देऊन ताप उतरवला, अन् मले नॉर्मल म्हणून दाखवून राहिली. जाय, उद्या औषध न देता ये."

एकोणसाठावा तक्ता त्यांच्या स्वतःच्या फोनचा होता, आणि पुष्कळ दिवस सर्वांत जास्त ताप त्यातच दिसायचा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मी भाज्या चिरण्याचे व्हिडिओ पाहतो, भाऊ. अडीच अडीच तास." अस्सल उमरेडच्या असल्यामुळे त्या स्वतःबद्दल बोलताना 'पाहतो', 'जातो' असंच बोलायच्या. "मले स्वयंपाक येत नाही. जेवण मेसचं. पण पाहाले बरं वाटते. सुटत नाही. म्हणून तर मले या पोरींवर ओरडता येत नाही."

त्या उमरेडच्या कोष्टी घरातल्या. वडिलांचा हातमाग होता. आमच्याही घरी आजोबांपर्यंत माग होता, हे कळल्यावर माझ्याशी जरा जास्त बोलायच्या. पंचावन्नच्या आसपास वय, किरकोळ बांधा, साडीवर कॅनव्हासचे पांढरे बूट. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न पाहता मनगटाकडे पाहायच्या. नाडी बघून बघून लागलेली सवय असावी. समोरच्याला मात्र उगाच वाटायचं, आपलं काही तरी पकडलं.

त्यांची माझी ओळख पालकसभेत झाली. मुलगी, अश्विनी, तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात आम्ही तेवीस पालक बसलो होतो. मॅडम अभ्यासक्रमाबद्दल काही सांगत होत्या आणि मध्येच मागच्या कपाटात एक मोबाइल वाजला. अगदी नेहमीची, सगळ्यांच्या फोनला असते ती धून. मॅडम बोलायच्या थांबल्या आणि आमच्याकडे पाहत राहिल्या.

"पाहा," त्या म्हणाल्या. "तेवीस मायबाप, पंधरा हात खिशात. अन् आपण पोरींले नावं ठेवतो."

मी आकड्यांच्या कामातला माणूस. सरकारी कार्यालयात माहितीचे तक्ते तयार करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. न राहवून मी म्हणालो, "मॅडम, सोळा. खिडकीजवळच्या ताईंनी पर्स चाचपली."

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "तुमचा हात नाही गेला?"

"मी मोजत होतो."

सभा संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. कपाटातला तो फोन त्या वर्गात नेहमी वाजवायच्या, मुली खाटेवर चादर घालायला शिकत असताना, नाही तर सुई भरत असताना. त्यावरून त्यांनी मुलींचे तीन प्रकार पाडले होते. फोन वाजला की काहींचा हात जातो. काहींची नुसती नजर जाते. आणि काहींचा हात हलत नाही, नजर हलत नाही, श्वास मात्र थांबतो.

"हातवाल्या पोरी मोकळ्या असतात," त्या म्हणाल्या. "ओरडलं तर हसतात, पुन्हा हात घालतात. त्यांची चिंता नाही. नजरवाल्या लबाड, त्यांचीही नाही. श्वासवालीची मले धास्ती वाटते. ते फोनची वाट नाही पाहून राहिली, ते फोनले भिऊन राहिली."

"आमची अश्विनी कोणत्यात?"

"ते मी मायबापाले सांगत नाही."

सांगितलं नाही म्हणजे तिसऱ्या प्रकारात असणार, असं मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं. शेअर ऑटोत माझ्या शेजारी कोण बसलं होतं तेही मला आठवत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, बाईंनी काही सांगितलंच नाही, अन् तुम्ही निकाल लावून मोकळे." तिचं बरोबर होतं. पण धास्ती बसायची ती बसली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर अश्विनीला सोडायला गेलो तेव्हा मी तिचा तक्ता नीट पाहिला. चौतीसावा खिळा. ऑगस्टपर्यंत रेघ खाली-वर, साधारण निम्म्यात. सप्टेंबरच्या मध्यापासून वर गेलेली आणि तिथेच राहिलेली. रोज पंचाण्णव, सत्त्याण्णव. मी मॅडमना म्हणालो, "हे मोजमाप बरोबर नाही. तो माझा जुना फोन आहे. चार वर्षं मी वापरला. त्याची बॅटरी उतरली आहे. नव्या फोनशी त्याची तुलना होत नाही."

"खरं आहे. पण फोन ऑगस्टमध्येही जुनाच होता ना, भाऊ?"

तरी मी बॅटरी अचानक कशी उतरते हे त्यांना दोन-तीन मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आज आठवलं की लाज वाटते.

त्याच दिवशी त्यांनी मला ते काम सांगितलं. मुलींचं इंटरनेटचं वेड आणि मुलींचा स्वभाव यांचा काही संबंध आहे का, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यासाठी त्यांनी एक फॉर्म बनवला होता. एका पानावर इंटरनेटचे वीस प्रश्न, दुसऱ्यावर स्वभावाचे वीस, आणि प्रत्येकापुढे 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत चौकोन. शेवटी दोन ओळी मोकळ्या: 'काही सांगायचं असल्यास'. नाव नाही, रोल नंबर नाही. फॉर्म गोळा केल्यावर गठ्ठा पिसून त्यावर एक ते अठ्ठावन्न आकडे टाकले होते. भरलेले फॉर्म मी मोजून तक्त्यात मांडून द्यायचे.

माझी मुलगी त्याच वर्गात होती. हे काम मी घ्यायला नको होतं. मॅडमना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, दुसरं कोणी मिळत नाही. मी म्हणालो, बरं. त्यांनी माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं, 'मी फॉर्म मोजीन, मुलगी ओळखणार नाही', आणि खाली सही घेतली. मला ते पोरकट वाटलं होतं.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी फॉर्म मांडून बसलो. चाळीस फॉर्म सरळ झाले. एक्केचाळीसावा उघडला. इंटरनेटच्या वीसपैकी सतरा प्रश्नांपुढे 'नेहमी'. स्वभावाच्या पानावर 'लहानशी चूकही माझ्या मनातून जात नाही' यापुढे 'नेहमी', आणि त्या चौकोनात पेन इतक्या जोरात दाबलेलं की कागद मागून उठला होता. शेवटच्या मोकळ्या ओळीत तीनच शब्द होते.

'घरी सांगू नये.'

तो 'घ' माझ्या ओळखीचा होता. अश्विनी पहिलीत असताना मी तिच्याकडून पानंच्या पानं गिरवून घेतली होती, तरी तिच्या 'घ'चं पोट उघडं राहायचं ते राहायचंच. मी बाकीचे सतरा फॉर्म त्या दिवशी मोजले नाहीत. बायकोने विचारलं, "काहून हो, संपलं का?" मी हो म्हणालो. सही केलेली होती, म्हणून बायकोलाही सांगता येईना. तीन दिवस मी ऑफिसात बसून एकाच गोष्टीचा विचार करत होतो. घरी सांगू नये असं काय आहे? मुलगा असेल का? कोणी धमकावतं आहे का? पेपरात काय काय वाचतो ते सगळं एकेक करून समोर यायचं.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी होस्टेलला गेलो. वडील असे मधल्या वारी आलेले पाहून अश्विनी घाबरतच खाली आली. "आईला काही झालं का?"

"नाही. तुझ्याशी बोलायचं होतं. मॅडमनी फॉर्म भरून घेतले, त्यात तू शेवटी काय लिहिलं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "कोणते फॉर्म?"

"इंटरनेटचे."

"मी नव्हतेच त्या दिवशी. आमच्या गटाची खाप्याच्या दवाखान्यात पोस्टिंग होती."

"मग तो 'घ' कोणाचा आहे?"

"बाबा, तुम्ही आमचे फॉर्म वाचून राहिले?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "मॅडम म्हणाल्या होत्या, कोणी ओळखणार नाही म्हणून."

"मी फक्त..."

"मी नव्हते त्या दिवशी," ती पुन्हा म्हणाली आणि जिना चढून वर गेली. मागे वळून पाहिलं नाही.

गेटपर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, ती खोटं बोलते आहे. दोन, ती खरं बोलते आहे, फॉर्म दुसऱ्याच कोणा मुलीचा आहे, आणि ती मुलगी जे काही सोसते आहे ते माहीत असलेला मी एकटा माणूस चुकीच्या मुलीकडे जाऊन आलो. कोणतं जास्त वाईट, ते मला ठरवता येईना. मी परत फिरलो आणि मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

मला वाटलं ओरडतील. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांच्या घरी माग होता ना, भाऊ? सुतात गाठ पडली तर काय करत होते?"

"गाठ शोधायचे."

"अन् सूत ओढलं तर?"

"आवळते."

"तुम्ही ओढून आले." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "पण चूक माझी आहे. बापाच्या हातात फॉर्म द्याले नको होते. सही घेतली म्हणून काय बाप बाप राहत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अठ्ठावन्न मुलींसमोर उभं राहून सांगितलं, "तुमचे फॉर्म मी एका पालकाले मोजाले दिले होते. त्यानं एक ओळखला असं त्याले वाटते. मी तुम्हाले शब्द दिला होता, तो मोडला. माफी मागतो." कोणाचा पालक, कोणता फॉर्म, काही सांगितलं नाही. मुलींनी काय करावं? त्या संध्याकाळी सहाला रांगेत एकही मुलगी आली नाही. व्हरांड्यातल्या अठ्ठावन्न तक्त्यांवरच्या रेघा एकाच दिवशी थांबल्या. मॅडमनी स्वतःच्या तक्त्यावर टिंब दिलं आणि खोलीत गेल्या.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. प्रत्येक मुलीने रोल नंबरप्रमाणे त्यांच्या खोलीत यायचं आणि वीस मिनिटं बसायचं. बोलायचं तर बोलायचं, नाही तर गप्प. मात्र बसल्या बसल्या मेथी निवडायची. मेसमधली मेथी मॅडमनी आपल्याकडे मागवून घेतली होती. "हात मेथीत असले की फोनकडे जात नाहीत," त्यांचं म्हणणं. "अन् मान खाली असली की बोलता येते. तोंडाकडे पाहून कोण खरं सांगते?"

मी हिशोब केला. अठ्ठावन्न मुली, वीस वीस मिनिटं, म्हणजे एकोणीस तास वीस मिनिटं. मॅडमना रोज चार ते सहा असे दोनच तास मोकळे. म्हणजे दहा दिवस. मी फोन केला. "मॅडम, दहा दिवसांत काही बरं-वाईट झालं तर? ज्यांची शंका आहे त्यांना आधी बोलवा."

"एकीले आधी बोलावलं की बाकीच्या सत्तावन्न मोजतील. तुमच्यासारख्याच."

"पण..."

"मी पोरींच्या व्हरांड्यात खाट टाकली आहे, भाऊ. माझी खोली आता तिथंच. अन् पहिल्याच दिवशी सांगितलं आहे की नंबर येईपर्यंत थांबायची गरज नाही. तुम्ही घरी बसा."

घरी बसणं म्हणजे काय असतं ते मला त्या दहा दिवसांत कळलं. रोज सहा मुली होत होत्या. चौतीसावा नंबर सहाव्या दिवशी येणार. त्या दिवशी पाच वाजल्यापासून मी फोन हातात धरून बसलो होतो. कोणाचाच फोन आला नाही. साडेसहाला मीच अश्विनीला लावला. "जेवलीस का?" असं विचारलं, तेही अवेळीच. ती म्हणाली, "अजून नाही. मेथीच आहे. सहा दिवस मेथीच आहे, बाबा. पोरी म्हणून राहिल्या की आता मेथीचाच ताप येईल." तिचा आवाज बसलेला होता. रडल्यासारखा, की सर्दी, हे फोनवरून कळत नाही.

अकराव्या दिवशी मी तयार तक्ते घेऊन मॅडमकडे गेलो. राहिलेले सतरा फॉर्म मी मधल्या काळात मोजून संपवले होते, शेवटची ओळ हाताने झाकून. त्या मोजणीत काय निघालं ते इथे लिहीत नाही, ते मॅडमचं काम आहे. मी म्हणालो, "एक्केचाळीसावा धरायचा की वगळायचा? तो आता गुप्त राहिला नाही."

"धरायचा. तिनं खरं लिहिलं आहे. तुम्ही वाचलं म्हणून ते खोटं होत नाही."

"मॅडम, एकच सांगा. ती माझी आहे का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या मनगटाकडे न पाहता तोंडाकडे पाहिलं. "नाही म्हटलं तर तुम्ही आज घरी जाऊन पोटभर जेवाल. अन् ज्याची आहे तो बाप? त्याले तर माहीतही नाही."

"मग मी काय करू?"

"तुमचीच आहे असं समजून वागा."

"म्हणजे कसं वागू?"

"विचारू नका. अन् येणं सोडू नका."

आणखी काही विचारणार तोच त्यांनी माझ्यापुढे मेथीची शेवटची जुडी सरकवली. "बसा. एवढी संपवा." मी वीस मिनिटं मेथी निवडली.

तेव्हापासून मी दर रविवारी होस्टेलला जाऊ लागलो. पालकांची वेळ तीन ते पाच. पहिले काही रविवार भयंकर गेले. अश्विनी खाली यायची, बाकावर बसायची, फोन मांडीवर पालथा ठेवायची. मी काय बोलू? बायकोने दिलेला डबा काढायचा. गल्लीतला रस्ता पुन्हा खोदला, शेजारच्यांनी कुत्रा आणला आणि तो त्यांनाच चावला, आईचा गुडघा दुखतो, असं काही तरी. फोनकडे पाहायचं नाही, असं स्वतःला सांगून ठेवलेलं. कधी ती अर्धा तास एक शब्द बोलायची नाही. पण पाच वाजले की मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी येतो," आणि पुढच्या रविवारी जायचो.

जानेवारीत मुली आपणहून पुन्हा रांगेत उभ्या राहू लागल्या. सुरुवात एका हातवालीने केली. "मॅडम, पाहा ना, आज किती ताप आहे," म्हणून फोन पुढे धरला. मॅडमनी टिंब दिलं. मधली जागा त्यांनी तशीच कोरी ठेवली, रेघ जोडली नाही. चौतीसाव्या तक्त्याकडे मी पाहायचो नाही. पाहिलं असतं तर पुन्हा मोजत बसलो असतो.

त्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्याच कपाटातला फोन मुलींनी त्यांच्यासाठी वाजवला. मॅडमचा हात लगेच पिशवीत गेला आणि सगळा वर्ग हसून लोटपोट झाला, असं अश्विनीने सांगितलं. त्या उमरेडला गेल्या. आता भाज्या चिरतात की अजून नुसत्या पाहतात, मला माहीत नाही.

त्या समारंभानंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. मे महिना होता. बाक तापलेला, म्हणून आम्ही जिन्याखालच्या पायरीवर बसलो. पाच वाजायला आले. मी डबा पिशवीत घातला. अश्विनी म्हणाली, "बाबा, त्या फॉर्मचं तुम्हाला अजून विचारायचं आहे का?"

"नाही."

ती चपलेच्या टोकाने फरशीवर रेघा ओढत होती. मग म्हणाली, "विचारा ना."

मी विचारलं.

ती त्या दिवशी कॉलेजातच होती. खाप्याची पोस्टिंग दुसऱ्या दिवसापासून होती. अठ्ठावन्न मुली, अठ्ठावन्न फॉर्म, एवढा साधा हिशोब मी केला नव्हता. फॉर्म तिचाच. सप्टेंबरमध्ये वॉर्डात एक म्हातारे पेशंट होते, लघवीची नळी लावलेले. दर चार तासांनी पिशवीत किती लघवी जमली ते मोजून तक्त्यावर लिहायचं तिचं काम. क्लासच्या ग्रुपवर कसलं तरी भांडण चालू होतं, ती फोनवर उत्तरं देत होती. तिने पिशवी न पाहता आधीच्या मुलीने लिहिला होता तोच आकडा लिहिला, तीनशे. चार तासांनी पुढच्या मुलीने पाहिलं तर पिशवीत चाळीसच होती. किडनी बंद पडत होती. म्हाताऱ्याला अतिदक्षता विभागात हलवलं, तिथून नातेवाईक दुसरीकडे घेऊन गेले. पुढे काय झालं ते हिला कळलं नाही. ते कळावं म्हणून, आणि चार तास आधी कळलं असतं तर माणूस वाचतो का हे शोधायला म्हणून, ती रोज फोन उघडत होती. सकाळपासून बॅटरी संपेपर्यंत. तेच तेच वाचत होती. आपली चूक उघडकीला आली, कोणी शोधत आलं, तर फोनवरच कळेल म्हणून तो वाजला की घाबरत होती.

"मॅडमला मी मेथी निवडताना सांगितलं. त्याच संध्याकाळी त्या मला घेऊन वॉर्ड इन्चार्जकडे गेल्या. मी खरं लिहून दिलं, सही केली. मला मेमो मिळाला, पंधरा दिवसांची ड्युटी पुन्हा करायला लावली. घरी कळवायचं का विचारलं तर मॅडम म्हणाल्या, ते हिचं काम आहे, ही सांगेल तेव्हा सांगेल."

म्हणजे मी 'ती माझी आहे का' म्हणून विचारलं त्या दिवशी मॅडमना सगळं माहीत होतं. पाच दिवसांपासून.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "आईला नाही, निदान मला."

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं." ती अजून खालीच पाहत होती. "आईनं समजून घेतलं असतं. चौथीत असताना शाळेसाठी रोजचं तापमान लिहायचं होतं, आठवते? मी दोन दिवस विसरले आणि अंदाजानं आकडे टाकले. तुम्ही सगळी वही पुन्हा लिहायला लावली. आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते."

मला ती वही आठवत होती. निळ्या कव्हरची. आणि माझ्या आठवणीप्रमाणे ते चार दिवस होते, आठ नाही.

तो आकडा मी दुरुस्त केला नाही. पाच वाजले तेव्हा म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो."